साडेएकोणपन्नास अंश

क्लिफर्ड गारबट यांचं रक्त
शिशाच्या भांड्यातल्या नळीत आहे,
टेक्नेशियम मिसळून झालंय,
आता फक्त शेकायचं.
पाणी साडेएकोणपन्नास अंशांवर.
जास्त तापलं तर पेशींचे तुकडे होतात, ते यकृतच गिळून टाकतं.
कमी पडलं तर त्यांना काही होतच नाही,
तरण्याताठ्या फिरत राहतात, कुणी अडवत नाही.
मला त्या मरायला नकोत.
वीस मिनिटांत
म्हाताऱ्या व्हायला हव्यात.

खिडकीबाहेर मिडल्सबरो.
टीज नदी, निळा ट्रान्सपोर्टर पूल,
आणि पलीकडे ते धूर नसलेलं आकाश,
ज्याच्याखाली गारबटनी बत्तीस वर्षं पोलाद ओतलं.

पाठदुखीसाठी स्कॅन केला, तर नऊ गाठी.
एक मूत्रपिंडामागे, दोन आतड्यांच्या घडीत,
एक चक्क डाव्या फुफ्फुसाच्या आवरणावर.
त्या दिवसापासून घरात 'तो' शब्द कुणी काढला नाही.
ड्युल्सीबाई मला कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या,
"हे गॅरेज आवरायला लागलेत.
पान्ह्यांचा अख्खा संच पुतण्याला देऊन टाकला."

सुई घालून तुकडा काढायचं ठरतच होतं.
एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी शर्ट जरा वर करायला लावला:
"हा व्रण कसला?"
"हा होय? त्र्याहत्तर साल. मोटरसायकल, गिझबरोचं वळण.
आत काहीतरी फुटलं होतं, काढून टाकलं."
काय काढलं?
"नसलं तरी चालतं असं काहीतरी,
असं म्हणाले होते."

पाणथरी.

मिरजेला बाबा कंपाउंडर होते.
हिवतापाच्या पोरांच्या डाव्या बरगडीखाली
बोटं रुतवून डोळे मिटायचे,
जणू तिथून काही ऐकू येतंय.
"पाणथरी दोन बोटं वाढलीय," म्हणायचे.
इथं बावीस वर्षांत हा शब्द मी तोंडातून काढला नाही.
रिपोर्टात तो चालत नाही.

घड्याळ वाजलं.
सुई, दंडातली शीर, मग वाट बघणं.
"दुखेल?"
"नाही. फक्त हलू नका."
"तेच तर मला कधी जमलं नाही," म्हणाले,
आणि खरंच मेल्यासारखे पडून राहिले.

कॅमेऱ्याच्या दोन ताटांमध्ये एक माणूस.
पडद्यावर आधी नुसता वाळूचा पाऊस,
मग हृदयाचा धूसर डाग, मग यकृत, फिकं.
डाव्या कुशीत, जिथं ती असायला हवी,
तिथं काळोख.
आणि त्या काळोखाभोवती
एक.
मग तीन.
मी मोजत गेले.
अकरा.
दोन तर स्कॅनलाही सापडल्या नव्हत्या.

म्हणजे त्या पावसाळी वळणावर
पाणथरी फुटली तेव्हा तिचे कण उडाले होते,
फाटल्या पडद्यातून थेट छातीपर्यंत.
जिथं पडले तिथं रुजले, जवळच्या शिरेतून रक्त ओढून घेतलं,
आणि पन्नास वर्षं
थकल्या पेशी वेगळ्या काढण्याची
रात्रपाळी करत राहिले.
कारखाना मोडला, हे त्यांना कुणी कळवलंच नाही.
आज त्यांच्या दाराशी मी
मुद्दाम थकवलेलं रक्त पाठवलं,
त्यांनी लगेच आत घेतलं.

सांगायचं काम माझं नव्हे. डॉक्टर सांगतात.
मी दाराशी उभी होते, हातमोजे काढत.
सुई नको, चाकू नको, औषधही नको,
तुमचीच आहे ती, असू द्या.
ड्युल्सीबाईंनी पर्स उघडली, उगीच, आणि मिटली.

जाताना गारबटनी विचारलं,
"तुमच्या भाषेत काय म्हणता हिला?"
सांगितलं.
"पानटरी," ते म्हणाले. मग पुन्हा, सावकाश, "पाण... थरी."
डाव्या कुशीवर हात ठेवला,
जिथं काहीच नाही.
मी दुरुस्त केलं नाही.

मग कोटाची बटणं लावता लावता, चिंतेत,
आज पहिल्यांदाच खरोखर चिंतेत, बायकोला:
"आता ते पान्हे
परत मागायचे कसे गं?"