एक पॉइंट दोन आठ

बर्फाच्या फॅक्टरीची चाळीस हॉर्सपॉवरची मोटर
या वर्षात चौथ्यांदा माझ्या बाकावर आली.
जळक्या वार्निशचा वास घेऊन मी घरी येतो
आणि शलाका म्हणते, बाबा, आधी हात धुवा,
मग माउसला लावा.

तिचं मशीन दोन हात फिरून
कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने देवगडात आलंय.
बाजूचा पत्रा काढलेला,
स्क्रू खाऱ्या हवेने तांबूस.
जामसंड्याच्या स्टुडिओची लग्नं ती त्यावर रात्रभर शिजवते,
एका लग्नाला पाच तास.
तिला ते चारात हवंय.

"किती व्होल्ट देतंस गो त्येका?"
"एक पॉइंट दोन."
मी हसलो.
टॉर्चच्या सेलमध्ये दीड असतात.
"आणि अँपिअर?"
"शंभराच्या वर."

मी खुर्ची ओढली.
फॅक्टरीची अख्खी मोटर पंचावन्न घेते,
तीही माझ्या अंगठ्याएवढ्या जाड केबलमधून.

ती वेग एक पायरी चढवते. पडदा निळा.
वहीत लिहिते.
व्होल्ट शंभराव्या भागाने चढवते. चालतं.
परत पायरी. परत निळा.
आत अब्जावधी स्विच, ती म्हणते,
घाई केली की काहींना वेळेत मिटता येत नाही.
व्होल्ट म्हणजे त्यांच्या पाठीला रेटा.

"मग दे की भरपूर."
"दुप्पट दिलं तर उष्णता चौपट, बाबा.
आणि काम पडलं की ते परत खाली बसतंच."

हे मात्र मला सांगू नकोस.
डीपीपाशी दोनशे तीस,
तारामुंबरीच्या शेवटच्या खांबावर एकशे ऐंशी,
संध्याकाळी सातला तिथला पंखा
पाती मोजता येतील असा फिरतो.
मग कुणी शहाणा डीपीवरच वाढवून ठेवतो
आणि लोड गेला की रात्री
लोकांचे टीव्ही उडतात.

तिने पहिल्यांदा पडद्यावरून मान वळवली.
"तेच," म्हणाली. "अगदी तेच."

एक फरक मला नवा होता.
मोटर अर्धपोटी ठेवली तर जळते.
ही अर्धपोटी खोटं बोलते.
सहा तास चाचणी नीट, सातव्याला एक बेरीज चुकली.
त्याआधीच्या लग्नात, एका फ्रेममध्ये,
नवरीच्या गालावर हिरवा चौकोन.
कुणाला दिसला नसता.
हिने शोधून काढला.

एक पॉइंट तीन आठला चार हजार सहाशे मिळाले.
तापमान चौऱ्याण्णव.
मी नाक पुढे नेलं. काहीच नाही.
"वास नाही येत याला?"
"जळत नाही, झिजतं.
आज जेवढ्यावर धावतं,
वर्षानं तेवढ्यासाठी जास्त मागतं."

माझ्या धंद्यात वास हीच खबर.
वास आल्यावर लोक माझ्याकडे येतात.

झोप लागली नाही.
दोनला उठून मीटर घेतला, जेटीवर गेलो.
धुऱ्यांचा वॉचमन म्हणाला, मोटर तर तुमच्याकडे हा,
आता काय तपासताव?
लाइन, म्हटलं.
होड्या बाहेर, कोल्ड स्टोरेज बंद, सगळं गाव निजलेलं,
आणि तीन फेजवर चारशे बहात्तर.
चार वेळा मी तांबं गुंडाळलं होतं,
दर वेळी भर दुपारी मापून,
चारशे पाच, ठीक आहे, म्हणून.

घरी आलो तेव्हा ती खाली उतरली होती.
चार हजार चारशे. एक पॉइंट दोन आठ.
बहात्तर अंश.
"दोनशे सोडून दिलंस?"
"हो."

वही टेबलावर उघडीच होती.
तिच्या आकड्यांखाली मी माझा लिहिला,
वेळेसकट.
लग्न अजून चाळीस टक्क्यांवर होतं.
त्यात कुणीतरी अक्षता टाकत होतं
आणि टाकतच होतं.