फडताळाचं वेबिल

धुळ्याची शेवटची गाडी डेपोत लागते रात्री पावणेअकराला.
कॅशियरपुढे चिल्लर ओतून, सही करून बाहेर पडेपर्यंत
अमळनेरात उघडं असतं फक्त औषधाचं दुकान,
आणि औषधानं पोट भरत नाही.
पहिलं वर्ष मी बिस्किटांवर काढलं.
दुसऱ्या वर्षी सुताराला बोलावलं.
भिंतीत फडताळ होतंच, फळ्या नव्हत्या.
दगा मिस्तरी म्हणाला, "एकल्या बाईले इतल्या फळ्या कसाले?"
म्हटलं, पाच ठोक.

भरायचं कसं, हे कुणी शिकवलं नव्हतं.
आईचं माप अकरा माणसांचं,
तिच्या हिशेबात सगळं मणात आणि पायलीत;
एका माणसाचं वर्ष किती किलोचं असतं
हे तिलाही सांगता आलं नसतं.
मग मी तिकिटांसारखं मोजलं:
सकाळी एक भाकरी, रात्री दीड,
सुटीच्या दिवशी वरण-बट्टी,
गुणिले, भागिले, कोऱ्या वेबिलाच्या पाठीवर.
दादर साठ किलो. कळण्याला आख्खे उडीद दहा.
आकडा पाहून जरा हसू आलं.
एवढीच का मी?

एकेक फेरी एकेक डबा भरत गेली.
दोंडाईच्याला मिरचीचं पोतं चढलं
तेव्हा अख्खी गाडी शिंकली, ड्रायव्हरसुद्धा.
त्या पोत्याला मी पूर्ण लगेज लावलं
आणि त्याच माणसाकडून दोन किलो घेतली, रोखीनं.
चोपड्याच्या फेरीत शेंगदाणे.
बेटावदला चढलेल्या एका बाईनं
सुटे नाहीत म्हणून भांडता भांडता सांगितलं,
तुरीला एरंडेलाचा हात लाव, वर कडुलिंबाचा पाला;
पाला मात्र वाळलेला घाल,
ओला घातलास तर किड्यांचं लग्न लागेल.
दोन रुपये मी तिला सोडून दिले.

बिबडे जमले नाहीत.
घाटा घोटायला दोन हात, पातेलं धरायला दोन,
आणि कण्या फुटायच्या आत "उतरव" म्हणायला एक तोंड.
बिबडे विकतचे, पारोळ्याच्या बचत गटाचे, छापील पिशवीतले.
आई असती तर बोलली असती.
बोलू दे.

डब्यांवर नावं नाहीत, सीट नंबर आहेत.
सातला जिरं, आठला ओवा,
काळा मसाला खिडकीशी नको, त्याचा वास उडतो.
तेल दाराजवळ,
ते सगळ्यांच्या आधी उतरतं.
हिंग आणि चहा शेजारी बसवायचे नाहीत,
एकदा बसवले होते, आठवडाभर चहा पीत नव्हते.

वैशाखात एका रात्री लाईट गेलेली,
भिंती तव्यासारख्या,
समोरची नफिसा दारात, कडेवर पोर,
पोराचं पोट दगड, रडून रडून आवाज बसलेला.
तिच्या घरात साखर होती, दूध होतं, ओवा नव्हता.
मी टॉर्च शोधलीच नाही.
तिसरी फळी, डावीकडून, आठ नंबर.
तव्यावर पुरचुंडी शेकली,
बेंबीभोवती फिरवली,
दोघी उकाड्यात गप्प, पोराच्या पोटाकडे पाहत.
वीसेक मिनिटांनी पोरानं
डबल बेल दिली.
नफिसा हसली ती थांबेचना,
मग मीही.

तिसऱ्या दिवशी तिच्या दिरानं डबा आणून दिला,
घरी केलेल्या शेवया, केसाहून बारीक.
फडताळ तेव्हा फुल्ल होतं.
शेवयांना अजून नंबर दिलेला नाही,
सध्या त्या उभ्यानंच प्रवास करतायत,
साठ किलोच्या दादरीला टेकून.

ओवा अर्ध्यावर आलाय.
गूळही. उद्या एरंडोलची ड्युटी आहे,
बाजाराजवळ गाडी सात मिनिटं थांबते.