मुळाकडे लाल दोरा

कारवारहून रात्री सुटलेला ट्रक
अनमोडचा घाट चढून
पहाटे पाचला कॅम्पातल्या मासळी बाजारात लागतो.
बांगडे, तारल्या, सुंगटं तिथं उतरतात.
थर्माकोलची एक पेटी तेवढी
मुक्तुम आमच्या लॅबच्या पायरीवर ठेवतो.
"ह्यालापण बर्फ घातलोय की, मॅडम," म्हणतो,
"वास मारालं नाही बघा."

आज पेटीत एका गाद्याचं काळीज आहे.
(फॉर्मवर यकृत लिहायचं. आणि गादा नाही, डॉल्फिन.)
आणि पाकिटांत बायकांच्या केसांच्या बटा,
मुळाकडच्या टोकाला लाल दोरा,
म्हणजे उलटसुलट व्हायला नको.

केस महिन्याला एक सेंटीमीटर वाढतो, साधारण.
आलेखाच्या कागदावर ठेवून ब्लेडनं कापत जायचं,
एकेक तुकडा, एकेक महिना.
शेवंती हरिकंत्र, वय सव्वीस:
होड्या बंद असतात त्या दोन महिन्यांत
पाऱ्याची रेषा जराशी खाली बसते,
नारळी पुनवेनंतर पुन्हा उठते.
तिनं कुणाला काही सांगितलेलं नाही.
केसांनी सांगितलं.

आठवड्यातून किती वेळा मासे खाता?
या प्रश्नापुढं आकड्याची चौकट आहे.
चौकटीबाहेर कुणीतरी कानडी अक्षरांत तिची कोंकणी उतरवून घेतलीय:
रोज. नुस्तें ना जाल्यार जेवण कशें वचतलें?
आणि खाली: मूल, चार महिन्यांचं. पहिलं.

मी मुळापासून चार सेंटीमीटर सोडून देते
आणि पुढचे नऊ मोजते.

गाद्याच्या कागदावर लिहिलंय:
मादी. नुकतीच व्यालेली. पिल्लू सापडलं नाही.
समुद्रात जे जे विरघळत नाही
ते तिच्या चरबीत वर्षानुवर्षं मुरत राहतं
आणि पहिल्या वेताला दुधातून उतरतं.
पहिलं पिल्लू आईला हलकं करतं.
पुढच्यांच्या वाट्याला त्यातल्या त्यात बरं दूध येतं.
हे मी शिकताना वहीत लिहून घेतलं होतं,
परीक्षेत चार गुणांना आलं होतं.

मी घरातली थोरली.
माझ्या पाठचे दोघे धडधाकट, एक तर पैलवान.
माझी छाती अजून थंडीत पहाटे वाजते,
शिट्टीसारखी, बारीक.

दुपारी निपाणीला फोन लावला.
आई, मी पोटात असताना
तंबाखूच्या वखारीतलं काम कितव्या महिन्यात सोडलंस?
"सोडतीया कुठली?" आई म्हणाली.
"नवव्यातबी चाळण हातात हुती.
धुरळा नाकात जायचा, वकायला व्हायचं,
मुकादम म्हणायचा, पोटुशीला हुतंच असं.
का गं? आज काय काढलंस हे?"

काही नाही म्हटलं. जेवलीस का विचारलं.

तिचे त्या वर्षाचे केस
कधीच कंगव्यात गुंतले, गुंडाळी होऊन खिडकीबाहेर गेले.
त्या महिन्यांचं मोजायला आता काही नाही.
मी आहे.

संध्याकाळी कारवारहून आरोग्यसेविकेचा फोन.
"शेवंती विचारालीय, पोराला पाजू का नको?
आणि मासे सोडायचे तर खायचं काय, तेपण सांगा म्हणालीय."
माझ्याकडे आकडा आहे, दशांशानंतर तीन घरांपर्यंत.
तो मी सांगितला.
पलीकडं ती लिहून घेत होती, पेन उमटत नव्हतं,
पुन्हा सांगा म्हणाली.
मी पाज म्हणाले. पाज म्हणून सांग.
हे डॉक्टरांनी सांगायचं असतं, मी नाही.
मोठे मासे नकोत, मुडदूस नको, सुरमई तर नकोच,
तारल्या चालतील, बारक्या,
आणि मग मीच थांबले,
कारण मोठे मासे विकायला जातात,
तिच्या ताटात येतात त्या तारल्याच.
मग हा आकडा कुठून आला?

मुक्तुम रिकामी पेटी न्यायला आलाय.
बर्फाचं पाणी पायरीवरून
गटाराकडं निघालंय, सावकाश.
"धुऊन देऊ का?" मी विचारलं.
"असू दे की," तो म्हणाला, "उद्या ह्यातच परत मासे."