जोडून देते

लिबान म्हणाला, वायर लागत नाही.
तरी मी खोक्याच्या मागे हात घालून पाहिलाच.
सतरा वर्षं इलोमान्त्सीच्या टेलिफोन केंद्रात
चाळीस दोऱ्या या बोटांतून गेल्या,
कोण कुणाशी बोलतंय ते माझ्या मनगटाला आधी कळायचं,
आणि योएन्सूच्या वाचनालयातला हा पोरगा,
दर मंगळवारी म्हाताऱ्यांना फुकट शिकवणारा,
मला सांगतो, मधे काहीच नसतं,
गाणं नुसतं येतं.

कुठून, मी विचारलं.
त्याने खिडकीकडे हात केला.
खिडकीत दुपारचे तीन, म्हणजे रात्रच,
आणि गोठायला निघालेली नदी.

मी शिसपेन्सिलीने वहीत लिहून घेतलं:
आधी खोका जागा करणे, हिरवा दिवा.
मग फोनवरचं निळं चित्र. दाबायचं नाही, शिवायचं.
दोनदा शिवलं तर थांबतं; का, ते विचारू नये.
पासवर्डला अक्षर हवं, आकडा हवा, एखादी खूण हवी,
म्हणून आमच्या जुन्या गाईचं नाव दिलं,
तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर,
आणि पुढे उद्गारचिन्ह.
गाय होतीच तशी.

यात सगळं आहे, ऐला, जगातलं सगळं, लिबान म्हणाला.
ते ऐकलं आणि मला एकही गाणं आठवेना.
रिकाम्या चौकटीत एक बारीक काडी लुकलुकत होती,
बोला, बोला,
अगदी मी बोलायचे तशी, कानाला यंत्र लावून.
शेवटी लिहिलं, अकॉर्डियन.
एकवीस हजार निघाले.
मी फोन पालथा घातला.

तो गेल्यावर, संध्याकाळी, एकटीने, पुन्हा.
तळ्याकाठच्या नाचघरातला तो टँगो,
त्रेसष्टचा उन्हाळा, माझे उसने बूट.
नाव कधीच माहीत नव्हतं, पहिली ओळ तेवढी पाठ.
ओळ लिहिली. सापडला.
खोक्याने नाव विचारलं, कुठे वाजवू?
दोन नावं होती. मी वरचं शिवले.

फोनवर रेघ सरकू लागली,
एक मिनिट, एक मिनिट बारा,
खोका गप्प.
कानातलं यंत्र काढलं, पुसलं, घातलं.
आवाज वाढवला, पार टोकापर्यंत.
आणि मग छतातून,
माझ्याच छतातून,
अकॉर्डियन.

राँग नंबर.
सतरा वर्षांत तीनदाच झाला होता;
एकदा तर पाद्रीबुवांना घोडेवाल्याशी जोडलं
आणि दोघंही अर्धा तास बोलत राहिले.

वर हिल्तुनेन राहतात. अकरा वर्षं
लिफ्टमध्ये आम्ही दोघं मजल्यांचे आकडे वाचतो.
वर खुर्ची सरकली. पावलं. जिना.
मी स्वेटर चढवला, माफी जुळवून ठेवली.

दारात लोकरी मोजे, हातात चष्मा.
माझ्या घरात कुणीतरी गातंय, म्हणाले.
चूक माझी, म्हटलं, बंद करते.
ते पायपुसण्याकडे बघत राहिले.
आमच्याकडे असल्या गप्पपणाला कुणी घाई करत नाही.
मग म्हणाले, संपू द्या,
आणि जिना चढून गेले भराभर,
चौऱ्याऐंशीचा माणूस,
कडवं चुकू नये म्हणून.

मी फोन हातात धरून उभी राहिले.
रेघ टोकाला गेली. पुढचं गाणं आपोआप लागलं,
मी काही त्याला सांगितलं नव्हतं.

सकाळी दाराच्या मुठीला पिशवी,
पिशवीत लाल बोरांच्या मुरंब्याची बरणी,
झाकणावर चिठ्ठी:
दुसरं जरा हळू.

येत्या मंगळवारी लिबान विचारेल, नीट चालतंय ना?
खालचं नाव कसं शिवायचं ते तो दाखवील.
मी वही घरी विसरून जाणार आहे.

सहाच्या बातम्या संपल्या.
हिरवा दिवा लागला, माझा खोका मुकाच.
आवाज दोन घरं खाली आणला,
वरच्या नावावर बोट ठेवलं,
आणि सवयीने, कुणी ऐकत नसताना, म्हटलं,
थांबा हं. जोडून देते.