डेंगळे येण्याआधी

ओमारूच्या टेकडीवर, जिथे पांढऱ्या दगडाची घरं
संध्याकाळी उरलेल्या भाताच्या रंगाची होतात,
आमच्या मागच्या अंगणात वाफा एकच
आणि आम्ही जावा दोन.

सिऊ-फुंग म्हणते, थांब.
मी म्हणते, कापू.
एकोणीस वर्षं हेच चाललंय.
आमच्या नवऱ्यांनी आधी बाजू घेणं सोडलं,
मग काही वर्षांनी जगणं.

बॉक चॉयचं बी मोहरीएवढं.
पेरून हात धुतले तरी एखादं नखात राहतं,
रात्री कणीक नाही, डम्पलिंगचं पीठ मळताना सापडतं,
मग पीठ बाजूला ठेवून त्याच्यासाठी
अंधारात चप्पल घालून जायचं, एवढी ती वेडी.

चौथ्या दिवशी मातीला इवल्या जोडपानांचे कान फुटतात.
विरळणी माझ्याकडे. तिच्याने उपटवत नाही.
याने काय केलं, ती विचारते.
काही नाही, मी म्हणते,
शेजाऱ्याच्या फार जवळ उभं राहिलं.

रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचतो.
बशीत बिअर ओतून ठेवा, बुडून मरतील,
असं आयलीन गॅल्ब्रेथ कुंपणावरून सांगते.
बिअर आम्ही पितो.
गोगलगायी रस्त्यापलीकडे सोडून येतो.
त्या परत येतात.
त्यांचं आणि आमचं हे एक बरं आहे,
कुणालाच घाई नसते.

पण त्या नोव्हेंबरात मला होती.
देठ भरले होते, सूपच्या चमच्यांसारखे
एकमेकांच्या कुशीत बसलेले, पांढरेशुभ्र,
आणि दिवस रोज थोडा लांबत होता, दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा.
अजून चार दिवस, सिऊ-फुंग म्हणाली.
तिसऱ्या रात्री वायव्येचा वारा सुटला, कोरडा, तापलेला.
मी सुरी घेतली.
टॉर्च दातांत धरून माझ्या बाजूची ओळ कापली,
मुळाच्या वर बोटभर राखून,
चोराने घरमालकासाठी चहापुरती साखर ठेवावी तशी.

सकाळी तिच्या ओळीतल्या प्रत्येक झाडाच्या मधून
एक डेंगळा वर आला होता,
टोकाला कळ्यांची मूठ.
ती बघत उभी राहिली. मग माझ्या खुंटांकडे बघितलं.
दुपारी आल्याचं सूप तिने दोन वाट्या प्यायलं
आणि ते कुठून आलं, विचारलं नाही.

खुंटांनाही आठवड्यात पालवी फुटली,
पण तीही बोटभर होताच कळीला आली.
म्हणजे तसं बघितलं तर दोघीही हरलो.

तिची ओळ पिवळी झाली.
मधमाश्या इतक्या, की दोरीवरचे कपडे काढताना
मी आधी टाळ्या वाजवायची.
फुलांच्या जागी बारीक शेंगा, शेंगा आधी हिरव्या, मग गवती,
मग हात लावला की तडकणाऱ्या.
जानेवारीत तिने त्या वर्तमानपत्रावर चोळल्या,
फुंकर मारून कोंडा उडवला,
आणि बी भरलं डोकेदुखीच्या तेलाच्या रिकाम्या बाटलीत.

ती बाटली मी ओळखत होते.
कपाटात तांदळामागे दरवर्षी असायची.
दरवर्षी त्यातलंच पेरायचे,
आणि एकोणीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही की
बी कापणाऱ्याच्या हातून कधी तयार होत नाही.

हे तिला सांगितलं नाही. तिने वीस वर्षं ऐकवलं असतं.

फेब्रुवारीत, दिवस आखडू लागले तशी
तिने बाटली माझ्या तळहातावर उलटी केली.
अर्धं तुझं, म्हणाली. मोज.
मी मोजलं नाही. दोन-तीन दाणे उडाले.

एप्रिलात पायरीच्या फटीत
एक रोप दिसलं, एकटंच, शेजारी कुणी नसलेलं.
मी त्याला वळसा घालून जाते. तीही.
त्याचं काय करायचं,
यावर अजून भांडण व्हायचं आहे.