पान आणि तंबाखू

बॅटरी गेली, शोरूमवाला म्हणाला,
कुणी वारल्याचं सांगावं तसं, पण मोबाइलकडे बघत.
नवी अठ्ठावीस हजार. जुनीचे दोन वजा.

गाडीच मुळात घेतलेली पासष्टला,
टॉवेलचे गठ्ठे पोचवायला.
पेट्रोल वाचतंय म्हणून
चार वर्षं गालात हसत होतो.

आता अशोक चौकातच मान टाकते.
चव्वेचाळीस डिग्रीत ढकलत आणली.
उंबऱ्यात भूलक्ष्मी, मांडीवर सूप,
हजारातली सातशेवी विडी वळत.

आकडा ऐकूनही हात थांबला नाही.
दोरा गुंडाळत एवढंच म्हणाली,
"म्हणजे तुम्हाला नुसतं पान विकलं.
तंबाखूचे पैसे वेगळे."

रात्री तरी पिन लावलीच.
हिरवा दिवा लागला.
शंभर टक्के, म्हणतो.