उरेबी माप

दारव्ह्याच्या दुकानात प्रफुल भोयर म्हणाला,
ताई, टीव्ही आडवा मोजत नाहीत, उभाही नाही,
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात मोजतात.
मी हसले. म्हणजे उरेबात.
बावीस वर्षं ब्लाऊज शिवते आहे,
उरेबात कापड ताणतं, हे मला कोण सांगणार.
त्रेचाळीस म्हणाला तो, तेव्हाच कळलं,
यातले काही इंच ताणलेले आहेत.

पण भिंतीवर त्रेचाळीस इंच पेटले होते,
एका पोपटाचं पीस अन् पीस मोकळं दिसत होतं,
आणि गुणवंत, आमचे हे,
पोपटासमोर तोंड उघडं टाकून उभे.
"फोर के आहे," प्रफुल म्हणाला.
"म्हणजे काय रे?"
"ठिपके जास्त. चौपट."
"ते दिसतात किती लांबून?"
या प्रश्नाला त्यानं चहा मागवला.

घरी आले, टेप काढली.
भिंतीपासून मामाजींची बाज, सात फूट.
खिडकी आणि कोनाड्याच्या मधे
चौतीस इंच, त्यातही पोपडे.
ब्लाऊजच्या मापाचा खाकी कागद अंथरून
कात्री चालवली:
एक साडेसदतीस बाय एकवीस,
एक अठ्ठावीस बाय सोळा.
टाचण्या भिंतीत शिरेनात, मग कणकेची खळ.

मोठा कागद खिडकीवर साडेतीन इंच चढला.
त्या खिडकीतून शेजारच्या वनिता उमरेकडून
विरजण येतं, आमच्याकडून सुई जाते,
कधी नुसतंच बोलणं.
"एक झडप मिटून ठेवू," गुणवंत म्हणाले.
मी गप्प.
पलीकडून आवाज आला, "ऐकू आलं बरं मले."

चार दिवस कागद तसेच, मोठ्यावर लहान.
चार दिवस आम्ही तिकडेच तोंड करून जेवलो.
समीक्षानं खाली पेन्सिलीनं बटणं काढली
आणि जेवण झालं की ती बंद करायची.

ठिपक्यांचं कोडं मी मशीनवर सोडवलं.
पांढऱ्या मांजरपाटावर काळा दोरा,
एक शिवण इंचाला बारा टाके,
दुसरी इंचाला वीस.
चिंधी कोनाड्याशी टांगून बाजेवर जाऊन बसले.
टाके नव्हतेच तिथून.
दोन रेघा होत्या, सारख्या.
मग जास्तीचे टाके कोणासाठी घालायचे,
आणि त्याची शिलाई कोणी द्यायची?
शिवाय छपरावरची छत्री जे चित्र देते
ते मुळातच जाडंभरडं.
पोत्याला जर कशाला.

बत्तीस आणला. साधा एचडी.
इकडे तीन इंच मोकळे, तिकडे तीन,
झडप पूर्ण उघडते.
मोठ्या कागदातून समीक्षाच्या फ्रॉकचा घेर निघाला,
त्यावरची बटणं तशीच राहिली, घेराच्या कडेला.

संध्याकाळी लाईट आली, चित्र लागलं,
सात फुटांवरून अगदी इस्त्री केल्यासारखं.
मी गुणवंतांकडे पाहिलं.
ते पोपट शोधत होते.

मग मामाजी उठले.
झिंगराजी नागदिवे, अठ्ठ्याहत्तर वर्षं,
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला.
त्यांनी बाज धरली आणि ओढली,
खर्र करत, फरशीला ओरखडे काढत,
भिंतीपासून दोन हातांवर.
बातम्या सांगणाऱ्या बाईच्या गालाशी तोंड नेऊन म्हणाले,
"सूनबाई, दाणे दिसून राह्यले."
"मामाजी, मागं या, सात फुटांवरून..."
"काहून? तुरीचे दाणे का दुरून पायतेत लोकं?"

आणि बोट टेकवून पाहत बसले,
लाल, हिरवा, निळा,
एकेक,
तोंडातल्या तोंडात मोजत असावेत.

खिडकीत वनिताचं डोकं आलं.
"लागला का वं टीव्ही?"
"लागला," मी म्हटलं.
"दिसत नाही. मामाजी मधे आहेत."